डिस्टोपिया म्हणजे काय? ‘शिक्षेच्या जिल्ह्यात’ राहून वाचणाऱ्यांसाठी एक ओळख

‘जास्त बोललास तर गडचिरोलीला बदली करीन.’ ही धमकी मराठी माणसाने सिनेमात, भाषणात, नाहीतर ऑफिसातल्या थट्टेत एकदा तरी ऐकलेली असते. ऐकणारे हसतात. पण अहेरीत किंवा धानोऱ्यात वाढलेल्या मुलीने ती ऐकली, तर तिला वेगळंच ऐकू येतं. माझं गाव ही दुसऱ्या कुणासाठी शिक्षा आहे, असं.

काही जागा सुखाने राहण्यासाठी, काही जागा माल काढण्यासाठी आणि काही जागा शिक्षेसाठी, अशी वाटणी झालेल्या जगाच्या गोष्टी सांगणारा एक अख्खा साहित्यप्रकार आहे. त्याला डिस्टोपिया किंवा डिस्टोपियन साहित्य म्हणतात. गेल्या काही वर्षांत वेबसिरीज आणि सिनेमांमुळे हा शब्द तरुण वाचकांच्या बोलण्यात रुळला आहे. हा प्रकार नेमका काय, मराठीत त्यात काय लिहिलं गेलं, सुरुवात कुठून करावी आणि चंद्रपूर-गडचिरोलीत बसून ही पुस्तकं वाचताना त्यात जास्तीचं काय दिसतं, हे या लेखात पाहू.

शब्द आला कुठून?

आधी ‘युटोपिया’ आला. इंग्लंडच्या थॉमस मोरने १५१६ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात एका काल्पनिक बेटावरच्या आदर्श राज्याचं वर्णन आहे. ग्रीक भाषेतल्या शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’ असा होतो. म्हणजे इतकं चांगलं राज्य कुठेही नसतं, हे मोरने नावातच सांगून टाकलं होतं.

त्याच्या उलट अर्थाचा शब्द विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत वापरला. विषय होता आयर्लंडबाबतचं सरकारी धोरण. तुमची योजना स्वप्नाळू म्हणावी इतकीही चांगली नाही, उलट ती वाईटाकडे नेणारी आहे, असा त्यांचा रोख होता. थोडक्यात, हा शब्द चर्चेत आला तोच दुरून राज्य केल्या जाणाऱ्या एका प्रदेशाबद्दल बोलताना.

मराठीत यासाठी एकच रूढ शब्द अजून बसलेला नाही. बोलताना आणि लिहिताना ‘डिस्टोपिया’ हाच शब्द चालतो.

डिस्टोपिया ओळखायचा कसा?

गोष्ट भविष्यात घडते म्हणून ती डिस्टोपिया होत नाही. साधारण चार खुणा पाहाव्यात.

पहिली, व्यवस्था. गोष्टीतलं दुःख एखाद्या दुष्ट माणसामुळे आलेलं नसतं. कायदा, कंपनी, यंत्रणा, रोजची सवय या सगळ्यांनी मिळून ते तयार केलेलं असतं.

दुसरी, पाळत. कोण कुठे जातो, काय बोलतो, काय खातो, याची नोंद कुणीतरी ठेवत असतं.

तिसरी, भाषा. सत्ता शब्दांचे अर्थ बदलते. युद्धाला शांतता म्हणायचं, हाकलून देण्याला पुनर्वसन म्हणायचं, असं.

चौथी, गप्प बसलेली माणसं. बहुतेकांना हे सगळं नेहमीचंच वाटू लागलेलं असतं. एखाद्यालाच ते खटकतं आणि गोष्ट तिथून सुरू होते.

आपल्याकडे आजी-आजोबा ‘घोर कलियुग आलं’ म्हणतात. ते आणि डिस्टोपिया एकच का? नाही. कलियुग काळाच्या फेऱ्यात आपोआप येतं, माणसाच्या हातात काही नसतं. डिस्टोपिया मात्र माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून उभा राहतो. म्हणूनच तो टाळता येण्यासारखाही असतो, आणि लेखक पुस्तक लिहितो ते त्यासाठीच.

दुसरा घोळ भाकिताचा. अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि पुढच्या वर्षाचं पाऊसपाणी, पीक, राजकारण यांची भाकितं सांगितली जातात. ती खरी ठरली की नाही हे लोक वर्षभराने ताडून पाहतात. डिस्टोपियन कादंबरी अशी ताडून पाहायची नसते. ‘ऑरवेलने सांगितलं ते खरं झालं का?’ या प्रश्नापेक्षा ‘त्याने हे आपल्या काळात कुठे पाहिलं होतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

तिसरा घोळ प्रलयकथांशी होतो. महामारी, उल्कापात किंवा अणुयुद्धानंतर जग बेचिराख झालं, अशा गोष्टी वेगळ्या. तिथे व्यवस्था मोडलेली असते. डिस्टोपियात व्यवस्था अगदी नीट चालू असते, आणि भीती त्याचीच वाटते.

लेखकांनी हे आणलं कुठून?

या प्रकारातली मोठी पुस्तकं पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. लेखकांनी भविष्यात जे दाखवलं, ते कुठेतरी कुणाच्या तरी वाट्याला आधीच आलेलं होतं.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन जहाजबांधणीचा इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या कामावर इंग्लंडमध्ये राहिला. कारखान्यातली मोजूनमापून केलेली शिस्त आणि क्रांतीनंतरचं रशियातलं नवं राज्य, दोन्ही त्याने जवळून पाहिलं. त्यातून १९२०-२१ मध्ये ‘वुई’ ही कादंबरी आली. त्यात माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ती इंग्रजीत १९२४ मध्ये छापली गेली, पण सोव्हिएत देशात यायला १९८८ उजाडावं लागलं.

जॉर्ज ऑरवेलचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. ऑरवेलने स्वतः तरुणपणी ब्रह्मदेशात पाच वर्षं पोलिसात नोकरी केली. दुसऱ्यांच्या भूमीवर राज्य कसं चालवतात, नोंदी कशा ठेवतात, भीती कशी वापरतात, हे तो आतून शिकला होता. ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) यांमागे हुकूमशहांचा युरोप आहे, तशीच ही वसाहतीतली नोकरीही आहे.

कॅनडाच्या मार्गारेट ॲटवूड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता. इतिहासात कुठेतरी प्रत्यक्ष घडलेलं नाही असं काहीही पुस्तकात घ्यायचं नाही. कादंबरीत बायकांची नावं काढून घेतली जातात, वाचायला बंदी होते, मूल जन्माला घालणं हे सरकारी काम ठरतं. यातलं काहीच हवेतून आलेलं नाही.

नव्या वाचकाने एवढी एक किल्ली हातात ठेवावी. डिस्टोपियन पुस्तक उघडलं की विचारावं, हा कुणाचा उद्या आहे आणि कुणाचा आज?

मराठीत काय आहे?

‘उद्या’ हेच नाव असलेली एक मराठी कादंबरी आहे आणि ती विदर्भातल्या माणसाने लिहिली आहे. नंदा खरे, म्हणजे अनंत यशवंत खरे, यांचा जन्म १९४६ मध्ये नागपूरला झाला. झाम्यातिनसारखेच तेही इंजिनिअर, मात्र सिव्हिल. ‘अंताजीची बखर’ या ऐतिहासिक कादंबरीने ते वाचकांना आधीपासून माहीत होते. ‘उद्या’मध्ये त्यांनी बाजार, तंत्रज्ञान आणि सत्ता यांनी बदलून टाकलेला नजीकचा काळ रंगवला. हा काळ फार लांबचा नाही. वाचताना ‘हे तर आत्ताच सुरू झालंय’ असं वाटत राहतं.

या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिलं आहे, म्हणून पुरस्कार घ्यायचे नाहीत, असं त्यांनी काही वर्षं आधीच ठरवलं होतं. २०२२ च्या जुलैत त्यांचं निधन झालं. मराठीतून डिस्टोपिया वाचायचा तर पहिलं नाव ‘उद्या’चंच घ्यावं लागतं.

मराठी विज्ञानकथेची परंपरा त्याहून जुनी. जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांच्या ‘व्हायरस’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या अनेकांनी शाळेच्या वयात वाचलेल्या असतात. त्या काटेकोरपणे डिस्टोपिया नाहीत, पण विज्ञान आणि सत्ता यांचा संबंध समजून घ्यायला चांगली पायरी आहेत.

भारतातल्या इंग्रजी लेखनात मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ हे नाटक जरूर वाचावं. मुंबईतल्या चाळीत राहणारं गरीब कुटुंब श्रीमंत परदेशी गिऱ्हाइकाला शरीराचे अवयव विकण्याचा करार करतं, आणि मग त्यांनी काय खायचं, कसं राहायचं, हेही गिऱ्हाईकच ठरवू लागतं. या नाटकाला १९९७ मध्ये ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ (२०१७) ही कादंबरी जातीधर्मानुसार भिंती घातलेल्या शहरात हरवलेली मुलगी शोधणाऱ्या आईची गोष्ट सांगते. तिच्यावरची मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली.

चंद्रपुरात बसून ‘हंगर गेम्स’

आता आपल्या भागाकडे येऊ. अमेरिकेच्या सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी आणि तिच्यावरचे सिनेमे जगभरच्या तरुणांनी डोक्यावर घेतले. त्यात कॅपिटॉल नावाची चकचकीत राजधानी आहे आणि तिला माल पुरवणारे जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्याकडे एकेक काम दिलेलं. नायिका कॅटनिस बाराव्या जिल्ह्यातली, आणि त्या जिल्ह्याचं काम कोळसा काढणं. तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले. जिल्ह्याभोवती कुंपण आहे, पलीकडे जंगल आहे आणि तिथे शिकारीला किंवा कंदमुळांसाठी जाणं गुन्हा आहे. तरी पोटासाठी ती जाते.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही कल्पना वाटते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूसच्या वाचकाला यातला बराच भाग ओळखीचा वाटेल. इथे कोळशाच्या खाणी आहेत. इथलं महानिर्मितीचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं आहे आणि त्याची वीज राज्यभर जाते. राख आणि धूर मात्र इथेच राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात ७० च्या पुढे गेलेला भाग ‘अतिप्रदूषित’ मानला गेला. चंद्रपूरला ८३.८८ गुण होते.

जंगलाचंही तसंच. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सर्वात जुनं. जिप्सीतून वाघ पाहायला येणाऱ्याला हे जंगल म्हणजे स्वर्ग. त्याच जंगलाच्या कडेने पहाटे मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला जाणाऱ्याला ते रोजीरोटीचं आणि जिवावरच्या जोखमीचं ठिकाण. एकाच जागेत एकाचा युटोपिया आणि दुसऱ्याचा डिस्टोपिया असू शकतो. व्याख्या पाठ करूनही जे कळत नाही, ते इथल्या वाचकाला अनुभवाने माहीत असतं.

जग आणि जंगल यांना एकच शब्द

दुसरं पुस्तक अमेरिकेच्याच उर्सुला ले ग्विन यांचं. ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही लघुकादंबरी १९७२ मध्ये आली. पार्श्वभूमी व्हिएतनाम युद्धाची. पृथ्वीवरचं लाकूड संपलेलं आहे, म्हणून माणसं दुसऱ्या एका ग्रहावर जातात, तिथलं जंगल तोडतात आणि तिथल्या रहिवाशांना गुलाम करतात. त्या रहिवाशांच्या भाषेत जग आणि जंगल यांना एकच शब्द आहे. शेवटी ते उठाव करतात आणि जिंकतात. पण त्या झगड्यात ते एकमेकांना ठार मारायला शिकलेले असतात, आणि ते शिकणं परत पुसता येत नाही. पुस्तक संपल्यावर विजयाचा आनंद वाटत नाही. हिंसेची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न गडचिरोलीइतका नीट कुणाला कळणार? नक्षलवादी आणि पोलीस यांच्या मधल्या गावांनी तो अनेक दशकं सोसला आहे.

याच भागात १९८४ च्या सुमारास गोदावरी आणि इंद्रावती नद्यांवरच्या इंचमपल्ली व भोपालपटणम या धरणांविरुद्ध आंदोलन उभं राहिलं. त्यात बाबा आमटे आणि राजे लालश्यामशाह होते. आंदोलनाचं नाव होतं ‘जंगल बचाव, मानव बचाव’. जंगल वाचवणं आणि माणूस वाचवणं ही इथे दोन वेगळी कामं मानलीच गेली नव्हती. ले ग्विनने ज्या भाषेची कल्पना केली, तिचा विचार इथे घोषणेत होता.

बांबू झाड की गवत?

ऑरवेलच्या कादंबरीत सरकार ‘न्यूस्पीक’ नावाची नवी भाषा घडवतं. शब्द कमी केले की विचारही कमी होतील, हा त्यामागचा हेतू. नव्या वाचकाला हे थोडं ताणलेलं वाटतं. शब्दाने एवढा काय फरक पडतो?

त्याचं उत्तर गडचिरोलीच्या बांबूत आहे. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे. पण इंग्रजांनी केलेल्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूही घातला होता. झाड म्हटल्यावर ते इमारती लाकडासारखं, म्हणजे वन खात्याच्या ताब्यातलं. पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या टोपल्या आणि ताटवे विणणाऱ्या गावाला तोच बांबू स्वतःच्या हक्काने विकता येत नव्हता. इथला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. आपण लहानपणी ज्या कागदावर धडे वाचले, त्यातला काही या जंगलातून आलेला असेल.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं. गौण वनोपजावर गावाचा मालकी हक्क असतो. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा, यावर घोडं अडलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वनक्षेत्राबाहेर उगवणारा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळायला मात्र २०१७ साल उजाडलं.

एका शब्दाची व्याख्या कोण करतो, यावर गावाची चूल अवलंबून होती. ‘नाइन्टीन एटी-फोर’ वाचताना भाषेचा भाग कंटाळवाणा वाटला, तर हा बांबू आठवावा.

मग गडचिरोली म्हणजे डिस्टोपिया का?

इथे सावध राहायला हवं. सोशल मीडियावर धुराचा किंवा खाणीचा एखादा फोटो टाकून ‘हाच खरा डिस्टोपिया’ असं लिहिणं सोपं असतं. पण ते लिहिणारा बहुधा बाहेरचा असतो, आणि त्या फोटोत माणसं नसतात. ‘गडचिरोलीला बदली करीन’ या धमकीत आणि या पोस्टमध्ये फारसा फरक उरत नाही. दोन्हींत जिल्हा म्हणजे एक भयाण जागा, आणि तिथल्या माणसाला बोलायला वावच नाही.

डिस्टोपियन कादंबरीत नेमकी हीच गोष्ट गहाळ असते. लोकांनी एकत्र बसून बोलण्याची जागा. मेंढ्याने ती जपली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. देवाजी तोफा हे गावातले जुने कार्यकर्ते, आणि त्यांच्या सोबतीला अनेक वर्षं मोहन हिराबाई हिरालाल होते. याचा अर्थ सगळं सुटलं असा नाही. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर माडिया-गोंडांच्या ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि त्याच डोंगरात लोहखनिजही आहे. तिथे खाण सुरू आहे आणि वादही. रोजगार हवा म्हणणारे आणि डोंगर हवा म्हणणारे, दोघेही इथलेच आहेत. पण जिथे वाद घालता येतो, ती जागा डिस्टोपिया नसते. तो वाद बंद पडला की मात्र काळजी करावी.

सुरुवात कुठून करावी?

एकदम जाड पुस्तक हातात घेऊ नका. हा क्रम बऱ्याच नव्या वाचकांना सोयीचा जातो.

१. ॲनिमल फार्म: छोटं पुस्तक, प्राण्यांची गोष्ट. मराठी अनुवाद मिळतो. दोन-तीन बैठकींत संपतं.

२. द हंगर गेम्स: वेग आहे, सिनेमाही आहे. इंग्रजी वाचायची सवय लागायची असेल तर सोपं पडतं.

३. फॅरनहाइट ४५१ (१९५३): रे ब्रॅडबरी यांची कादंबरी. यातले अग्निशामक आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. शेवटी शहराबाहेर राहणारी माणसं एकेक पुस्तक पाठ करून जपतात. ज्यांच्या घरात गोंडी किंवा माडिया गाणी कागदावर न उतरता पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांना हा शेवट अगदी आपला वाटेल.

४. नाइन्टीन एटी-फोर: मराठी अनुवाद उपलब्ध आहे. पहिली पन्नास पानं धीर धरा.

५. उद्या: इतर दोन-तीन पुस्तकं झाल्यावर घ्या. मूळ मराठीतच असल्याने त्यातले टोमणे आणि विनोद थेट पोचतात.

६. द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट आणि द हँडमेड्स टेल: एकदा गोडी लागली की.

या सगळ्यांत बदल म्हणून बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ (१९०५) ही छोटी इंग्रजी कथा मध्येच वाचून टाका. त्यात पुरुष घरात पडद्यात राहतात आणि बायका सौरऊर्जेवर राज्य चालवतात. हा युटोपिया आहे, पण आजचं जग कसं आहे हे तो उलटा आरसा धरून दाखवतो.

इतरांना गोडी कशी लावावी?

या प्रकारातली पुस्तकं एकट्याने वाचली तर मन जड होतं. चार जण मिळून वाचली तर चर्चा रंगते. नव्याने वाचू लागलेल्याने इतरांना ओढायचं असेल तर काही गोष्टी उपयोगी पडतात.

- पुस्तकाची गोष्ट सांगू नका, प्रश्न सांगा. ‘वाचायलाच बंदी आली तर तू कोणतं एक पुस्तक पाठ करशील?’ एवढ्या प्रश्नावर तासभर गप्पा होतात.
- शेवट फोडू नका. पोस्ट टाकताना पहिल्याच ओळीत तशी सूचना द्या.
- पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय मराठीत असं लिहिणारे आणि छापणारे मोजकेच आहेत. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा.
- मोठ्याने वाचा. दिवाळीनंतर वडसा आणि आसपासच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि लोक थंडीत पहाटेपर्यंत बसतात. ज्या भागाला ऐकायची एवढी सवय आहे, तिथे एखादं प्रकरण आवाजात चढउतार करून वाचलं तर पुस्तक न उघडणारेही येऊन बसतात.
- ज्याला गोंडी जवळची आहे त्याने ऐकलेली गोष्ट गोंडीत सांगून पाहावी. एखाद्या संकल्पनेला शब्द सापडत नाही म्हणून जी अडखळ होते, तीच चर्चेची उत्तम सुरुवात असते.

मेंढ्याच्या ‘अभ्यास गटा’ची पद्धतही उचलण्यासारखी आहे. तिथे ग्रामसभा निर्णय घेते, पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. तो फक्त विषय समजून घेतो, चर्चा करतो. कुणाला हरवायचं नसल्यामुळे लोक मोकळेपणाने बोलतात. वाचनगटालाही हाच नियम लावावा. कोण बरोबर ते ठरवायचं नाही, पुस्तकात काय दिसलं ते प्रत्येकाने सांगायचं.

नेहमी पडणारे प्रश्न

*अशी पुस्तकं वाचून निराशा येत नाही का?*
थोडी येते. पण यातल्या बहुतेक गोष्टींत कुणीतरी ‘नाही’ म्हणतं, डायरी लिहितं, बी पेरतं किंवा पुस्तक पाठ करतं. त्या माणसावर लक्ष ठेवलं तर पुस्तक वेगळं वाटतं.

*लहान मुलांना द्यावीत का?*
‘ॲनिमल फार्म’ सातवी-आठवीपासून चालतं. ‘हंगर गेम्स’मध्ये मुलांनी मुलांना मारण्याची स्पर्धा आहे, त्यामुळे ते थोडं मोठं झाल्यावर. ‘हँडमेड्स टेल’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ मोठ्यांसाठी आहेत.

*हे राजकीय लेखन आहे का?*
सत्तेबद्दल आहे, म्हणून राजकीय आहेच. पण ते एका पक्षाचं नसतं. ऑरवेल स्वतः समाजवादी होता आणि त्याने सर्वात कडक टीका समाजवादाच्या नावाने चाललेल्या हुकूमशाहीवर केली. जे पुस्तक फक्त विरोधकाला लागू पडतं असं वाटतं, ते पुन्हा एकदा वाचावं.

*आपल्या भागातून असं कुणी लिहू शकेल का?*
कोळसा, वीज, वाघ, बांबू, खाण, बंदूक आणि ग्रामसभा, एवढं सगळं एका ठिकाणी असलेला प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नाही. बाहेरच्या लेखकाला हे कल्पनेने उभं करावं लागेल. इथल्या मुलीला फक्त आजूबाजूला पाहावं लागेल. आणि तिने ते लिहिलं, तर ‘गडचिरोलीला बदली करीन’ ही धमकी तिच्या कादंबरीत पहिल्या पानावर येईल. तेव्हा त्यावर कोण हसतं ते पाहू.